मिळून येत नाही

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर नृसिंहराव टोकेकर खुर्चीत बसेनासे झाले. नगरच्या कलेक्टर कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची खुर्ची तीस वर्षं एकाच जागी होती, दारासमोर, खिडकीकडे पाठ करून. सकाळी साडेदहाला ते तिच्यात बसायचे ते संध्याकाळी उठायचे. मधे उठायचे ते फक्त कागद काढायला. आणि आता हाच माणूस दर दहा मिनिटांनी उठून मांडण्यांमधून एक फेरी मारून येत होता. काही काढायचं नाही, काही ठेवायचं नाही, नुसतं जायचं आणि यायचं. माझ्या टाइपरायटरमागे त्यांच्या चपला वाजत राहायच्या. एका ओळीत माझ्या तीन चुका झाल्या तेव्हा मी सरळ सांगितलं, की नृसिंहराव, एक तर बसा, नाहीतर बाहेर अंगणात जाऊन फिरा. ते बसले. चार मिनिटं बसले असतील.

मी नीलांबरी. त्या कचेरीत टायपिस्ट होते, आणि तोंडाने फटकळ म्हणून माझी ख्याती होती. ती खोटी नव्हती.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये साडेचार हजार रुमाल होते. रुमाल म्हणजे जाड तांबडं कापड, ज्यात सरकारी कागदांचा गठ्ठा बांधतात. पुढे गठ्ठ्यालाच रुमाल म्हणायची पद्धत पडली. तालुक्यागणिक मांडण्या, मांडणीत गावागणिक रुमाल, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी. पण टोकेकर चिठ्ठी बघत नसत. कोपरगावच्या पाटाचा नकाशा हवा असं एकदा एका मोठ्या साहेबांनी फर्मावलं, तर चहा यायच्या आत टोकेकरांनी तो त्यांच्यापुढे पसरला होता. रुमालाची गाठसुद्धा त्यांची स्वतःची होती. दोन वेढे, आणि शेवटचं टोक आतून खाली दाबलेलं. त्यांच्यामागे कुणी रुमाल सोडला तर गाठीवरून त्यांना कळायचं, आणि कुणी सोडला तेही कळायचं. टोकेकरांच्या हातून कागद हरवत नाही, असं सगळी कचेरी म्हणायची. तेही म्हणायचे. जरा जास्तच म्हणायचे.

त्या वर्षी ऑगस्टात फोटोचं मशीन आलं. मायक्रोफिल्म हा शब्द शिपायांपासून चिटणीस साहेबांपर्यंत सगळ्यांनी वेगवेगळा उच्चारला, म्हणून शेवटी मशीन एवढंच नाव राहिलं. लोखंडी टेबल, वर उभ्या दांड्याला डोकं खाली घातलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना प्रखर दिवे. कागद खाली ठेवायचा, पायाने खटका दाबायचा, की कागद नखाएवढा होऊन फिल्मवर उतरायचा. हजार-बाराशे कागदांचं एक रीळ, आणि ते रीळ माझ्या मुठीत मावायचं. एक मांडणीभर तालुका एका बुटाच्या खोक्यात बसताना मी पाहिला.

ते चालवायला आलेला श्रीमंत काळोखे संगमनेरचा होता. आधी तो लग्नांचे फोटो काढायचा. तो म्हणायचा, वऱ्हाडापेक्षा कागद बरे, हलत नाहीत आणि परत परत काढायला लावत नाहीत. मी पहिल्या दिवसापासून मशीनच्या बाजूची होते. माझे वडील नारायणराव याच दप्तराची धूळ खाऊन खोकत गेले. त्या धुळीबद्दल मला कसलंही प्रेम नव्हतं. आणि हुकूमच तसा होता: रीळ तयार झालं, तपासलं, की वरच्या वर्गातले कागद जपायचे, खालच्या वर्गातले लगदा करायला गिरणीत पाठवायचे. जागा मोकळी होणार होती. खिडकी उघडता येणार होती.

म्हणून टोकेकरांच्या फेऱ्या बघून आम्ही सगळे एकच समजलो, की म्हातारा मशीनला घाबरला. दीड वर्षाने निवृत्ती, आयुष्य रुमालात गेलेलं, वाटणारच. शिपाई त्यांना चिडवायचे, की आता गाठी कुणाच्या बघणार? ते हसायचे नाहीत की रागवायचे नाहीत. मला उलट त्यांचा राग यायचा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण एकदाची खोटी पडायची वेळ आली होती, तर हे त्यात पाय अडकवून उभे.

खरं कारण मला जानेवारीत कळलं. पण तुम्हाला मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही तेव्हाच्या माझ्यासारखे त्यांना हसाल.

एकसष्ट साली तिसगावच्या पलीकडच्या पळसगव्हाणचा सहादेव गरड नावाचा शेतकरी रेकॉर्ड रूममध्ये आला होता. गावात आंब्याची विहीर म्हणून एक विहीर. तिच्यात दर आठव्या दिवशी एक दिवस पाण्याची पाळी आपल्या घराची आहे, तसा कागद आजोबांच्या वेळी सरकारात लिहिला गेलाय, असं तो सांगत होता. भाऊकी ते मानत नव्हती. कागदाची नक्कल मिळाली तर मामलेदारापुढे दाखवता येणार होती. टोकेकरांनी पाथर्डीच्या मांडणीतला पळसगव्हाणचा रुमाल सोडला, पान न् पान बघितलं आणि अर्जावर शेरा मारला: मिळून येत नाही. सहादेव आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा टोकेकरांनी त्याला तोच शेरा तोंडी सांगितला. तिसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात सांगितला.

पुढच्या वर्षी शेवगावच्या मांडणीची झाडझूड करताना त्यांना तो कागद मिळाला. पाथर्डी पूर्वी शेवगावातच मोडायची. ती वेगळी झाली तेव्हा दप्तरही वेगळं काढलं, आणि ते काढणारा तरुण कारकून होता नृसिंह टोकेकर. पळसगव्हाणच्या शेजारचं एक गाव शेवगावात राहिलं होतं. त्या गावाच्या रुमालात पळसगव्हाणचे अकरा कागद त्यांच्याच हातून मागे राहिले होते, आणि वर त्यांचीच गाठ होती.

तोवर मामलेदाराचा निकाल सहादेवाच्या विरुद्ध लागून गेला होता. कागद आता पुढे करायचा तर आधी लिहून द्यावं लागणार, की शेरा चुकीचा होता, दप्तर मी चुकीचं लावलं होतं. टोकेकरांच्या हातून कागद हरवत नाही, हे सगळ्या कचेरीचं वाक्य तिथे मोडणार होतं. त्यांनी कागद परत आत ठेवला. फाडला नाही. कागद फाडणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. पण रुमाल बांधला आणि त्यानंतर अकरा वर्षं त्या एका रुमालाची धूळ ते स्वतः झटकत राहिले, शिपायाला हात लावू दिला नाही.

आणि आता मशीन अकोले तालुक्यापासून निघून तालुक्यामागून तालुका खात शेवगावकडे येत होतं. एक एक पान सुटं करून दिव्याखाली धरत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे मी त्या हिवाळ्यात रोज माझ्या पाठीमागे ऐकत होते.

नगर संपलं, नेवासे सुरू झालं, तसे टोकेकर मशीनच्या खोलीत जाऊन उभे राहायला लागले. श्रीमंतला विचारायचे, पान उलटं निघालं तर कळतं का? दुसऱ्या गावाचं पान आलं तर मशीन थांबतं का? तीनतीनदा तेच. एक दिवस श्रीमंत वैतागून म्हणाला, "काका, हे मशीन वाचत न्हाई. तुमी खाली भाकरी ठिवा, भाकरीचा फोटो काढंल. वर जी चिठ्ठी, ते गाव. आत काय का असंना."

मला वाटलं यावर टोकेकर मशीनला नावं ठेवतील, तर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन दिवस ते खुर्चीत बसले. मला वाटलं, सुटली बाई एकदाची भुणभुण. तिसऱ्या दिवशी चपला पुन्हा सुरू, आणि आधीपेक्षा वाईट. कारण दोन दिवसांत त्यांना पुढचं उमगलं होतं. मशीन त्यांना पकडणार नव्हतं. मशीन तो कागद शेवगावच्या चिठ्ठीखाली, बाराशे नखांएवढ्या चित्रांमध्ये, कायमचा पुरून टाकणार होतं, आणि मूळ कागद गिरणीत जाऊन त्याचा लगदा होणार होता. मग तो खरोखरच मिळून आला नसता. त्यांचा शेरा बारा वर्षांनी खरा ठरला असता.

जानेवारीच्या शेवटी मुक्ताबाई आली. सहादेवाची बायको. उन्हाने रापलेली, पन्नाशीची, हातांवर खडी फोडून पडलेले घट्टे, कारण बहात्तरच्या त्या दुष्काळात तिसगाव भागातली अर्धी माणसं रस्त्याच्या कामावर होती. दारातच उभी राहून तिने विचारलं, की हितं कागद हुडकायचं मशीन आलंय म्हनत्यात, ते खरं हाय का? मी म्हटलं खरं आहे. तिने कमरेची पिशवी सोडून एक चौघडी घातलेला कागद काढला. अर्ज आणि त्यावर शेरा. घड्यांवर तो इतका विरला होता की मी दोन हातांनी धरला. सही मी लगेच ओळखली. मागे वळून पाहिलं तर टोकेकर मांडणीच्या तोंडाशी उभे होते आणि पुढे येत नव्हते.

तिने सगळं सांगितलं. विहिरीला अजून पाणी आहे. चुलतदीर राधाकृष्ण प्यायला नेऊ देतो, पण पाळी देत नाही. दोन बैल आणि विहिरीजवळचा वैरणीच्या घासाचा तुकडा वाचवायचा तर आठवड्यातून एक दिवस पुरे. श्रीमंतला तिची कणव आली. पाथर्डीचं काम डिसेंबरातच झालं होतं. त्याने पळसगव्हाणचं रीळ चित्र मोठं करून दाखवणाऱ्या पडद्याच्या यंत्रावर चढवलं आणि एकेक पान तिला दाखवत सरकवू लागला. पडद्यावर मोडी अक्षरं येत होती, जात होती. तिला वाचता येत नव्हतं. ती मांडीवर हात ठेवून देवळात बसावं तशी बसली होती. तासाभराने रीळ संपलं आणि पडदा पांढरा झाला.

"मशीनबी न्हाईच म्हनतंय का?" तिने विचारलं.

श्रीमंत म्हणाला, "न्हाई गावलं, मावशी."

ती उठली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, "मालकांला गावात कागद्या म्हनायचे. कागद्या आला, कागद्या चालला. खोटा कागद सांगतो म्हनून. सासष्टला गेले. त्यास्नी न्यायच्या दिशीबी एक जन म्हनला, कागद्या गेला. पान्याचं ऱ्हाऊ द्या, त्ये आज ना उद्या पडंल. पर मला वाटलं, मशीन तरी म्हनंल, हुता कागद."

टोकेकरांना सहादेव वारल्याचं त्या क्षणी कळलं. ते बाहेर निघून गेले. अंगणात चिंचेखाली इकडून तिकडे, तिकडून इकडे. मुक्ताबाई एसटीला गेली तरी ते आत आले नाहीत.

चारच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "नीलांबरीबाई, जरा या." मला शेवगावच्या मांडणीशी नेलं. सगळ्यात खालच्या फळीवरचा एक रुमाल काढला. त्याचं कापड बाकी रुमालांपेक्षा स्वच्छ होतं, ते मला तेव्हाच खटकलं. आत दाबलेलं टोक ओढून त्यांनी गाठ सोडली. पिवळट, किनारी झडलेला एक कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मोडी मला वडिलांनी शिकवली होती. मौजे पळसगव्हाण, आंब्याची विहीर, दर आठवे दिवशी एक दिवस. मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मांडणीकडे तोंड करून.

मला संताप आला. त्यांची दया यायला हवी होती, पण संतापच आला, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मी म्हणाले, त्या बाईला तासभर पांढऱ्या पडद्यापुढे बसवलंत आणि तुम्ही इथे उभे होतात. ते म्हणाले, होय. मी आणखी बरंच बोलले. ते प्रत्येक वाक्याला होय म्हणत होते.

राग उतरला तेव्हा मीच त्यांना वाट सुचवली, आणि ही गोष्ट सांगताना मला माझं हेच कृत्य लपवावंसं वाटतं. मी म्हणाले, शेवगावचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. आपण हा रुमाल आधी घेऊ. टिपणीत लिहू, की मायक्रोफिल्मिंगच्या कामात सदरहू कागद मिळून आला. कोण विचारणार आहे? बाईला तिचा कागद मिळेल, मशीनला शाबासकी मिळेल, तुम्ही सुखाने निवृत्त व्हाल. टोकेकरांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, असं लिहिता येईल? मी म्हटलं, मी टाइप करते, तुम्ही सही करा.

चिटणीस साहेबांना ती टिपणी फार आवडली. मशीनच्या खर्चाला असं एखादं उदाहरण त्यांना हवंच होतं. त्यांनी ते मुंबईच्या अहवालात घातलं. कागद वरच्या वर्गात गेला, गिरणीपासून वाचला. श्रीमंतने त्याचा फोटो काढला, मी रिळाच्या यादीत शेवगावखाली आणि पाथर्डीखाली दोन्हीकडे ओळ टाइप केली. मोडीवरून बाळबोध लिपीत नक्कल झाली. रुजुवातीला टोकेकरांनी मूळ वाचलं, मी नकलेवर बोट फिरवलं, दोघांच्या सह्या झाल्या. सगळं चोख.

तरी चपला थांबल्या नाहीत. नक्कल टपालाने पाठवायची तर टोकेकर म्हणाले, मी स्वतः नेऊन देतो. मग दोन दिवसांनी म्हणाले, तुम्हीही चला, रुजुवातीला तुमची सही आहे. मला कळत होतं की त्यांना सही नको होती, सोबत हवी होती. कागदावरच्या खोट्यात माझाही वाटा होता, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. रस्त्याच्या कामाला बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. तो दिवस धरून आम्ही दोघांनी रजा टाकली आणि मुक्ताबाईला पत्राने कळवलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे मला शेवटी चावडीवर थांबता येईल. पुढच्या सोमवारपासून मुक्ताबाईची पाळी सुरू झाली. बैल जगले. टोकेकरांनी नगरला परतल्यावर दुसरी टिपणी लिहिली, खरी, स्वतःच्या हाताने. मला टाइप करू दिली नाही. त्यांना नोटीस आली, चौकशी झाली, बदली होऊन शेवटचं वर्ष त्यांनी श्रीगोंद्याला काढलं. मला समज दिली गेली, ती मी फ्रेम करून लावायला हवी होती. साहेब आमच्या दोघांशी महिनाभर बोलले नाहीत, कारण मुंबईला दुरुस्तीचं पत्र त्यांना पाठवावं लागलं. आणि शेवगावच्या त्या रिळात पळसगव्हाणच्या कागदापाठोपाठ टोकेकरांची ती दुसरी टिपणीही आहे. ती त्यांनी स्वतः श्रीमंतच्या दिव्याखाली ठेवली होती.

तर चावडी.

एसटी तिसगाव सोडून पुढे निघाली. बाहेर काही हिरवं दिसत नव्हतं, रस्त्याकडेला फोडलेल्या खडीचे ढीग होते. टोकेकर खिडकीशी बसले होते आणि दर स्टॉपला उठून उभे राहत होते. कंडक्टरने दोनदा सांगितलं, बाबा, पळसगव्हाण लांब हाय, बसा. पिशवीतली नक्कल ते हाताने चाचपून बघत होते. मी त्यांना एकदा म्हणाले, आता कशाला घाबरता, कागद तर देतोय. ते पुन्हा उठून उभे राहिले.

आम्हाला वाटलं होतं की मुक्ताबाईच्या घरी जाऊ, नक्कल हातात देऊ, चहा घेऊ, परत येऊ. पण ती फाट्यावर उभी होती आणि तिने आम्हाला घरी नेलंच नाही. सरळ चावडीवर नेलं. तिथे चाळीसेक माणूस जमलं होतं. बायका एका अंगाला, पार भरलेला. पुढे राधाकृष्ण गरड, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस, हातात टोपी घेऊन. मुक्ताबाईने पत्र आल्यापासून घरोघर फिरून सगळ्यांना बोलावलं होतं. ती टोकेकरांना म्हणाली, "भाऊसाहेब, मला देऊ नका. हितं वाचा. सगळ्यांम्होरं."

टोकेकरांनी चष्मा लावला आणि वाचलं.  सन अठराशे त्र्याण्णव, मौजे पळसगव्हाण, आंब्याची विहीर, सहादेवाच्या आजोबांचं नाव, दर आठवे दिवशी एक दिवस, पंचांची नावं. पंचांची नावं आली तसं एक म्हातारं म्हणालं, ह्यो आमचा पंजोबा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून कागद्याचं नाव घेतलं, पण कागद्या म्हणून नाही, सहादेव म्हणून.

राधाकृष्णाने टोपी या हातातून त्या हातात केली. शेवटी म्हणाला, "सरकारचा शिक्का हाय, मी न्हाई कशाला म्हनू. पाळी घे वहिनी. पर भाऊसाहेब, एवढं सांगा. इतकी वर्सं ह्यो कागद हुता कुठं? सहादेवानं तीन खेपा घातल्या. त्यो मिळाला असता तर मी सख्ख्या चुलतभावाशी वैर धरलं नसतं."

उत्तर तयार होतं. मीच टाइप केलेलं होतं. मुक्ताबाईने तर ते आमच्याआधी देऊन टाकलं. ती म्हणाली, "मानसाला गावलाच नसता ह्यो. मशीनला गावला. आन् ह्या भाऊसाहेबांनी हुडकनं सोडलं न्हाई म्हनून गावला." आणि तिने टोकेकरांना वाकून नमस्कार केला.

टोकेकर बसायला दिलेल्या खुर्चीवरून उठले. मला वाटलं नेहमीसारखी फेरी मारतील, आणि खरंच ते दोन पावलं बाजूला गेले, पण चावडीत फेरी मारायला जागा नव्हती. माणसांनी भरली होती. ते परत आले.

"मशीनला नाही सापडला," ते म्हणाले. "मला सापडला होता. बासष्ट साली. मीच चुकीच्या जागी ठेवला होता, आणि सापडल्यावर परत तिथेच ठेवला. माझी चूक बाहेर येईल म्हणून."

  बाहेर एक बैलगाडी थांबली होती, तिचा बैल मान हलवत होता, त्याच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता.

"बासष्टला मालक जिते हुते," मुक्ताबाई म्हणाली.

"होय."

"चार वर्सं."

"होय, बाई."

मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं राधाकृष्ण तरी उठेल. मी पिशवी घट्ट धरली होती, म्हणजे पळायची वेळ आली तर पळता यावं. इतकी मी शूर. पण मुक्ताबाईने शांतपणे कमरेची पिशवी सोडली, तो विरलेला कागद काढला, घड्या उलगडल्या आणि टोकेकरांपुढे धरला.

"ह्येबी वाचा," ती म्हणाली.

टोकेकरांनी कागद हातात घेतला. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या दोन ओळी होत्या, पाठ असणार. तरी त्यांनी चष्मा पुसला आणि कागदात बघूनच वाचल्या. सदरहू कागदाचा दप्तरी शोध घेतला. मिळून येत नाही. सही, नृसिंह टोकेकर, रेकॉर्डकीपर, सतरा मार्च एकोणीसशे एकसष्ट.

"मोट्यांदा," मुक्ताबाई म्हणाली. "मागं बसल्यात त्यास्नी आयकू गेलं न्हाई."

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी पारावरच्या लोकांनाही ऐकू गेलं.